ज्युनियर सर आणि अंगणातलं ताट

साउंडच्या धंद्यात माणसाकडं दोन गोष्टी आपोआप साठतात, जळक्या वायरी आणि किस्से. वायरी भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण घेणार? म्हणून ते मी टपरीवर बसून फुकट वाटतो. सोलापुरात तीस वर्षं लाउडस्पीकर भाड्यानं देतोय आणि स्वतःच्याच माइकवर निवेदनही करतोय, म्हणजे दुप्पट साठा! त्यातले हसण्यासारखे बहुतेक सांगून झालेत. हे आज सांगतोय तेसुद्धा मी हसत हसतच सांगायला लागलो होतो, पण मधेच कुठंतरी हसणं बंद झालं.

आमची पार्टी तीन माणसांची. एक मी, मला सगळे मामा म्हणतात. दुसरा सलीम, ऑक्टोपॅड वाजवणारा आणि टेम्पो चालवणाराही. तिसरा श्रीनिवास, आमचा सीनू. सीनू म्हणजे ज्युनियर सर.

आता सर कोण, त्यांचं नाव मी घेत नाही. नाव घेतलं की सोलापुरात आजही दोन गट पडतात. मराठी सिनेमातला मोठा हिरो, पीळदार मिशा, रांजणात तोंड घालून बोलावं तसा आवाज. फॅन मंडळी त्यांना 'सर' म्हणतात, तेवढं पुरे.

सीनू टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला. घरी दोन माग, सगळं घर तेलुगू बोलणारं. मागाच्या खडखडाटात लहानपणापासून बोलायची सवय, त्यामुळं आवाज पोटातून यायचा. चेहरा देवानं दिलेला. एकदा हा सरांचाच सिनेमा बघायला तिकिटाच्या रांगेत उभा होता. पुढच्या माणसानं मागं वळून बघितलं आणि सरळ पाया पडला. मॅनेजर खुर्ची घेऊन पळत आला. सीनू म्हणाला, "साहेब, मला बाल्कनीचं एक तिकीट द्या फक्त." तिकीट नाही मिळालं, सगळा शो त्यानं मॅनेजरच्या केबिनमध्ये सरबत पीत काढला. बाहेर लोक काचेला नाक लावून उभे होते.

त्याच आठवड्यात मी त्याला धरलं. म्हटलं, चल, उद्घाटनं करू.

*

खरे सर काही मोबाईलच्या दुकानाची फीत कापायला यायचे नाहीत. आमचे यायचे, टेम्पोतून. फ्लेक्सवर सरांच्या थाटात सीनूचा भला मोठा फोटो आणि कोपऱ्यात 'ज्युनियर' हा शब्द, वाचायला भिंग लागेल एवढा. माइकवर मी म्हणायचो, "आपल्या भेटीला येत आहेत ज्युनियर..." आणि तिथं आवाज असा खाली घ्यायचो की तो शब्द स्टेजखाली पडायचा. मग 'सर' असा चढवायचो की कबुतरं उडायची. खोटं मी कधी बोललो नाही, फक्त खरं जरा हळू बोललो. पुढं ते महागात पडलं.

फीत कापली की आमचा आयटम. मी प्रश्न विचारायचा, सीनूनं सरांच्या आवाजात, गॉगल काढून उत्तर द्यायचं आणि मी पोट धरून हसायचं. निवेदक हसला की पब्लिक हसतं, हे या धंद्यातलं पहिलं शिक्षण. एखादं उत्तर शंभरदा ऐकलेलं असलं तरी मी शंभराव्यांदा पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसतो. बायको म्हणते, घरी कधी असं हसला नाहीत.

*

मग ती मुलाखत आली.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी सरांना विचारलं, तुमच्या घरातला मुलगा उद्या एखाद्या मुलाच्याच प्रेमात पडला तर? सरांनी गॉगल काढला, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "माझ्या घरात? त्याचं ताट अंगणात."

एवढंच. समोरचं पब्लिक टाळ्या वाजवत उठलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर भांडणं, तिसऱ्या दिवशी सरांच्या ऑफिसचा खुलासा, की सरांना तसं म्हणायचं नव्हतं. मग कसं म्हणायचं होतं, ते काही ऑफिसनं सांगितलं नाही.

ते काम लखननं अंगावर घेतलं. लखन माढ्याचा, सरांच्या फॅन क्लबचा जिल्हाध्यक्ष. दंडावर सरांचा चेहरा गोंदलेला आणि दंड बारीक, त्यामुळं सर जरा आजारी दिसायचे. क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही तिघंही होतो. तिथं एकानं लिहिलं, सरांना मोकळ्या हवेत जेवण म्हणायचंय, आमचे आजोबा अंगणातच जेवायचे. दुसऱ्यानं लिहिलं, ताट अंगणात म्हणजे पाहुण्याचा मान. अक्कलकोटच्या एका पोरानं मात्र लिहिलं, "सर चुकले," आणि ग्रुप सोडला.

लखननं लगेच फतवा काढला. "ह्याच्या म्होरं जो ग्रुप सोडंल त्यो तसलाच हाय आसं समजन्यात यील."

त्या दिवसापासून ग्रुप कुणालाच सोडता येईना. दोनशे-अडीचशे माणसं तशीच आत बसून राहिली. रोज सकाळी सरांचा फोटो यायचा आणि प्रत्येकजण अंगठा दाखवायचा, न चुकता. सीनूही दाखवायचा. मी एकदा त्याला म्हणालो, "तू तर सगळ्यांच्या आधी दाखवतोस की बे."

तो म्हणाला, "उशीर झाला तर दिसतंय ना, मामा."

मी हसलो होतो. तेव्हा मला वाटलं, विनोद करतोय.

*

हा किस्सा सोलापुरातच होऊ शकतो.

एका संघटनेनं सरांच्या विरोधात आंदोलन ठरवलं, भर चौकात सरांच्या फोटोला जोडे मारायचे. फ्लेक्सची ऑर्डर गेली. आता सोलापुरातल्या कुठल्याही फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये 'सर' नावाचा फोल्डर उघडला की निघतो कोण? आमचा सीनू! वर्षभर सगळ्या उद्घाटनांचे फ्लेक्स तिथंच छापलेले. कारागिरानं त्यातला चांगला स्वच्छ फोटो उचलला आणि दहा बाय आठ छापून दिला.

सीनू त्या वेळी कारखान्यातून डबा घेऊन घरी निघालेला, डोक्यात हेल्मेट. गर्दी बघून गाडी लावली आणि मागं जाऊन उभा राहिला. समोर त्याचाच फोटो, आणि कॉलेजची पोरं-पोरी एकेक करून चपला मारतायत. घोषणा चालल्या होत्या, की प्रत्येकाला त्याच्या आवडीच्या माणसावर प्रेम करायचा हक्क आहे. शेजारच्या मुलीनं आपली चप्पल काढून याच्या हातात दिली. "काका, तुम्ही पण मारा."

"मग?" तो सांगायला आला तेव्हा मी विचारलं.

"मारली की. नसती मारली तर लोकांनी हेल्मेट काढायला लावलं असतं."

"कुठं लागली?"

"गालाला."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. सीनूची आई त्यांच्या गल्लीतल्या नळावर उभी होती, तिथं कुणीतरी पेपर दाखवला. ती घागर तिथंच टाकून माझ्या दुकानात आली. तिचं मराठी मोडकं, पण त्या दिवशी एक वाक्य अगदी नीट बोलली. "माझ्या पोरानं कुनाचं काय केलं?"

मी फ्लेक्सवाल्याची चूक समजावून सांगितली. तिला पटलं, रडणं थांबलं. संघटनेच्या पोरानं फोन करून माफीही मागितली. म्हणाला, "सॉरी मामा, फोटोची क्वालिटी चांगली होती म्हणून."

*

वादानं आमचा धंदा वाढला, हेही सांगायला पाहिजे. आधी महिन्याला तीन-चार उद्घाटनं, आता आठवड्याला तीन. आणि प्रत्येक ठिकाणी फर्माईश एकच, "ते ताटाचं होऊ द्या." मी विचारायचो, "सर, तुमच्या घरात तसला कुणी निघाला तर?" सीनू गॉगल काढायचा. "त्याचं ताट..." एवढं बोलून थांबायचा आणि पुढचं पब्लिक म्हणायचं. बायका म्हणायच्या, पोरंसोरं म्हणायची. हा थांबायचा प्रकार मीच त्याला शिकवला होता. मला त्याचा फार अभिमान होता.

सांगोल्याकडं एका डाळिंबवाल्याच्या पॅकिंग शेडचं उद्घाटन होतं, सकाळी अकराचं. मालक हौशी. त्यानं स्टेजवर स्टीलचं नवं कोरं ताट आणून ठेवलेलं. "सर, डायलॉगच्या टायमाला हे हातात घ्या, ॲक्शन होऊ द्या." सीनूनं घेतलं, डायलॉग झाला, शिट्ट्या झाल्या.

आम्ही हात धुऊन जेवायला निघालो तर शेडच्या कडेला एक म्हातारा उभा. धोतर, फेटा, खांद्यावर घोंगडं. मेंढरं-शेरडं राखणारा माणूस. मालकानं ओळख करून दिली, हे बापू, शेजारच्या वस्तीवरचे, सरांना भेटायचं म्हणून दोन तास थांबलेत. बापूंनी सीनूचा हात दोन्ही हातांत धरला.

"सर, तुमी बोलला तसं मी केलं."

सीनू म्हणाला, "काय केलं?"

"थोरला पोरगा. पुन्याला शिकाय व्हता. घरी आला आन आयला म्हनला, मला लगीन नगं, माझं एका पोरासंगं हाय. म्या काय करावं कळंना. चार दिस जेवलो न्हाय. मग मोबाईलवर तुमचं बगितलं. येवडा मोटा मानूस बोलतोय म्हंजी खरंच आसनार. त्याच दिशी ताट भायेर लावलं. शेरडांच्या वाड्यापाशी. दोन म्हैनं झालं, तितंच जेवतंय. गुमान जेवतंय, एक सबूद बोलत न्हाय." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "बरूबर केलं न्हवं?"

सीनू गॉगल लावून उभा. मी तीस वर्षांचा निवेदक, मला शांतता सहन होत नाही. कुणी बोलायचं थांबलं की मी भरून काढतो. मी म्हणालो, "सरांचा आशीर्वाद आहे, बापू." आणि सवयीनं खिशातून आमचं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. त्यावर सीनूचा फोटो आणि माझा नंबर.

बापूंनी ते कार्ड कपाळाला लावलं आणि घोंगडं सावरत निघून गेले.

*

परतताना सांगोला मागं पडल्यावर सीनू म्हणाला, गाडी थांबव. सलीमनं बाजूला घेतली. सीनूनं उतरून कोट काढला, घडी केली, सीटवर ठेवला आणि मला म्हणाला, "मामा, सर ज्याचं ताट बाहेर लावणार आहेत ना, तो मी आहे."

मला वाटलं, त्या म्हाताऱ्याचं मनाला लागलंय म्हणून असं बोलतोय. म्हणालो, "असं वाटून घेऊ नको बे."

"वाटून नाही घेत. मी आहे. चार स्थळं कशी मोडली, तुम्हाला काय वाटलं?"

मी सलीमकडं बघितलं. सलीम स्टिअरिंगवर हात ठेवून पुढं बघत होता. म्हणाला, "मेरेकू पैलेच मालूम था मामा. दो साल हुए."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम हर टेम हँसते ना," सलीम म्हणाला. "किसकू मालूम तुमारा सच्ची का हँसना कौनसा."

सीनूनं मला एकच गोष्ट मागितली. तो प्रश्न यापुढं विचारू नका. बाकी सगळं करतो, फीत कापतो, नाचतो, पण तो प्रश्न नको. मी शब्द दिला. खरंच दिला, अगदी त्याच्या डोक्यावर हात ठेवून. आणि पुढच्याच मिनिटाला काय बोललो? "बरं, मोडनिंबच्या कार्यक्रमाला निळा कोट घाल." माणसानं जन्मातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगितली, आणि मी कोटाचा रंग सांगत होतो.

*

मोडनिंबला हायवेवर नव्या हॉटेलचं उद्घाटन, दुपारी चारची वेळ. फीत झाली, नारळ झाला, गाणं झालं. मी इतर सगळे प्रश्न विचारले. पब्लिक कंटाळलं. मागून कुणीतरी ओरडलं, "ताट, ताट." मग सगळेच टेबल वाजवायला लागले. हॉटेलवाल्यानं चिठ्ठी पाठवली. मी ती वाचली, खिशात ठेवली. टेबलं वाजत होती. ऑक्टोपॅडवरचे सलीमचे हात थांबलेले होते.

मी विचारलं.

कसं विचारलं, का विचारलं, मला आजही सांगता येत नाही. जीभ तीस वर्षं पब्लिकच्या तालावर चाललेली, तशीच त्या दिवशी चालली. आणि लाज कशाची वाटते, तर मी तो प्रश्न अगदी उत्तम विचारला. आवाज खाली घेऊन, भुवई उडवून.

सीनूनं माझ्याकडं बघितलं. गॉगल काढला. "त्याचं ताट..." म्हणाला आणि थांबला. पुढचं सगळ्या हॉटेलनं म्हटलं.

टेम्पोत मी माफी मागायला सुरुवात केली. त्यानं मला थांबवलं. म्हणाला, "तुम्ही विचारलंत त्याचं काही नाही, मामा. पब्लिकपुढं माणूस घाबरतो. पण मी बोलल्यावर तुम्ही हसलात."

मी हसलो होतो, पोट धरून. मला आठवतसुद्धा नव्हतं.

*

महिन्यानं सरांचा वाढदिवस आला. लखननं माढ्याला रक्तदान शिबिर ठेवलं. पहिली बाटली ज्युनियर सरांची, असा क्लबचा रिवाज. मी सीनूला म्हणालो, नको जायला. तो म्हणाला, जाऊ या. म्हणून गेलो.

सीनू कॉटवर आडवा, हातात सुई, भोवती सगळे मोबाईल धरून. मी माइक बंदच ठेवला होता, जाणूनबुजून. लखननं तो माझ्या हातातून घेतला, चालू केला आणि सीनूच्या तोंडापाशी धरला. "सर, आज तुमच्या वाढदिवसाला आमाला तुमचं त्ये वाक्य पायजे. तुमच्या घरात तसला कोन निगाला तर?"

सीनू आडव्याचा बसता झाला. गॉगल त्या दिवशी नव्हताच. सरांच्या आवाजात, अगदी पोटातून, म्हणाला, "मी चुकलो. ताट आत घ्या."

पब्लिकला वाटलं, पुढं काहीतरी विनोद आहे. सगळे थांबले. पुढं काही आलं नाही. नर्सबाईंनी तेवढ्यात सुई काढून घेतली, बरं झालं.

लखन म्हणाला, "आवं, सर आसं कदीच बोलनार न्हाईत."

"म्हणून तर मी बोललो," सीनू म्हणाला.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. कॉलर फाटली, सीनूच्या ओठातून रक्त आलं, माझा एक स्पीकर फुटला. सलीमनं टेम्पो मंडपाच्या कापडातून आत घातला आणि आम्हाला उचललं. ज्या पोरांनी सकाळी सीनूच्या पायाला हात लावले होते तीच मागं धावत होती. ग्रुपमधून मात्र त्या दिवशी लखननंच आम्हा तिघांना काढलं. आमचे तेवढे पाय मोकळे झाले.

*

तो व्हिडिओ फिरला. फिरता फिरता त्याच्यातला माढा गेला, कॉट गेली, मला तर आधीच कुणीतरी कापलं होतं. उरला फक्त चेहरा आणि आवाज. खाली लिहिलेलं, 'सरांनी चूक मान्य केली'.

दोन दिवस सर फार मोठे झाले. आंदोलनवाल्यांनी त्यांच्या फोटोला हार घातला, कुणीतरी पेपरात लेख लिहिला की चूक मान्य करायला असं मोठं मन लागतं. दुसरीकडं कट्टर फॅन लोकांनी पोस्टरं जाळली, आणि या वेळी फोटो खऱ्या सरांचे होते. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी सरांच्या ऑफिसचं पत्रक आलं. व्हिडिओतली व्यक्ती सर नाहीत. सरांनी असं काहीही म्हटलेलं नाही. आधी ताटाबद्दल खुलासा द्यायला त्यांना इतके शब्द लागले होते की कुणालाच काही कळलं नव्हतं. हे दोन ओळींत, स्वच्छ, सगळ्यांना कळेल असं होतं.

सीनूनं त्याच दिवशी मिशी काढली. आईनं विचारलं, का रे? म्हणाला, उन्हाळा आहे. कारखान्यात पूर्ण वेळ लागला. गर्दीत कुणी ओळखेना झालं. आणि तो आवाज त्यानं सोडला तो सोडलाच. सलीमनं एकदा गमतीत आग्रह केला तर म्हणाला, "तो माझा नव्हताच की."

*

आता शेवटचा, परवाचा. हा मी टपरीवर अजून कुणाला सांगितलेला नाही.

सकाळचे नऊ-साडेनऊ. सीनू कारखान्यात जाता जाता माझ्या दुकानात चहाला थांबला होता. माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. माझे हात वायरीत अडकलेले, म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"सर हायत का? म्या सांगोल्याकडनं बोलतोय. शेडच्या उद्घाटनाला आलता बगा तुमी, मला कारड दिल्यालं."

सीनूनं कप खाली ठेवला. मी म्हणणार होतो, बापू, सर इथं नसतात. पण सीनूनं मला हातानं थांबवलं आणि इतक्या महिन्यांनी, पोटातून, तो आवाज काढला. "बोला, बापू."

"सर, आमच्या गावातल्या पोरानं मोबाईलवर दावलं. तुमी म्हनला, चुकलो, ताट आत घ्या. मग कोन म्हनलं, त्ये खरं न्हाय. पोराची आय लई दिस मागं लागलीया, घ्या आत म्हनून. पन तुमचा सबूद घिऊन भायेर काडल्यालं, तुमाला इचारल्याबिगर कसं घ्यावं? म्हनून फोन लावला. घिऊ का आत?"

"घ्या," सीनू सरांच्या आवाजात म्हणाला. "आजच घ्या. तुमच्या शेजारी लावा."

"लई बरं झालं सर. लई बरं झालं." बापूंचा आवाज मोकळा झाला. मागं शेरडं ओरडत होती. मग ते जरा थांबले. "आन एक इचारायचं व्हतं. पोरगं म्हैना झाला घरी न्हाय. एका सकाळी ताट तसंच व्हतं, झाकल्यालं. फोन बी लागत न्हाय. समदीकडं बगितलं. आता ताट आत घेतलं तर यील का वो त्ये?"

सीनूनं तोंड उघडलं. सरांचा आवाज निघेना. दोनदा प्रयत्न केला, मी बघत होतो. मग आला तो त्याचा स्वतःचा, बारीक, मराठी जरा तेलुगू वळणाचं.

"बापू, पोलिसात जा. आत्ता जा, तक्रार द्या. आणि त्याच्या मित्रांना फोन करा, त्या पुण्याच्या मुलाला करा. माझं नाव घेऊ नका. तुम्ही स्वतः सांगा, तुमच्या तोंडानं, की घरी ये म्हणून. मी हात जोडतो."

पलीकडं फक्त शेरडं.

मग बापू म्हणाले, "तू कोन बोलतूयास? सरांकडं दे की फोन."